नागपूरहून जर्मनीला बिऱ्हाड हलवायचं आहे, निघण्याआधी इथे काय काय उरकायचं?

मिहानकर:

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर हाती आली आहे. काम सॉफ्टवेअरचं, पगार वर्षाला ५८,००० युरो, रुजू व्हायची तारीख १ ऑक्टोबर. आज जूनचा पहिला आठवडा. जाणारे तिघं: मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मनीषनगरला फ्लॅट आहे, त्यावर कर्ज चालू आहे. एक कार, एक पीपीएफ, थोड्या एफडी आणि दोन एसआयपी. आई-वडील नागपुरातच राहणार.

नेटवर याद्या ढीगभर आहेत, पण त्यात महत्त्वाचं काय आणि भरताड काय ते कळून नाही राहिलं. व्हिसाचे कागद, इथले पैसे आणि घर, तिथे उतरल्यावरचे पहिले दोन महिने, आणि सामान, या चार गोष्टींवर ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी सांगावं. नोकरी कशी शोधायची, जावं की नाही, यावर चर्चा नको.

धरमपेठ४४:

कामांची वाटणी एकाच कसोटीवर करा: ज्याला तुम्ही सदेह लागता ते आधी, बाकीचं मागून. लाईट बिलाचं ऑटो-पे स्टुटगार्टमधून होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला अंगठा तिथून देता येत नाही.

सुरुवात नावांपासून. आपल्याकडे गंमत अशी की बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, मुलीच्या जन्मदाखल्यावर कधी नुसतं पाळण्यातलं नाव, तर कधी नावाची जागा कोरीच. जर्मन कार्यालय पासपोर्ट प्रमाण मानतं. तुमचा पासपोर्ट, बायकोचा पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि तुमची पदवी असे पाच कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रत्येक नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. देशमुखमध्ये एकीकडे दोन ‘ई’ आणि दुसरीकडे एक ‘ई’ असा फरक असेल, तर दुरुस्ती आत्ता करा. जन्मदाखला महानगरपालिकेच्या झोन कार्यालयातून दुरुस्त होतो. त्यावर बाळाचं नावच नसेल तर घाबरू नका, जन्मानंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. हॉस्पिटल ज्या झोनमध्ये होतं तिथे जायचं, तुम्ही आज राहता त्या झोनमध्ये नाही. निम्मे लोक इथेच एक चक्कर वाया घालवतात.

बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तो तसाच राहू द्या. व्हिसाला आडनाव एक असण्याची गरज नाही. दोन्ही नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र, तेवढं पुरतं. ऐन वेळी गॅझेटमध्ये नाव बदलायला गेलात तर आधार, पॅन, पासपोर्ट, बँक सगळं पुन्हा करत बसाल आणि ऑक्टोबर निघून जाईल. लग्नाची नोंद अजून केलेलीच नसेल तर मात्र याच आठवड्यात झोनमध्ये अर्ज टाका. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती जर्मन माणसाच्या काही कामाची नाही.

कागद मराठीत एकभाषी असेल तर इंग्रजी किंवा द्विभाषी प्रत इथूनच काढून घ्या. जर्मनीत शपथबद्ध अनुवादक इंग्रजीचे गल्लोगल्ली आहेत, मराठीचे शोधावे लागतात.

आता व्हिसा. तुमचा पगार ब्लू कार्डात, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यात, आरामात बसतो: २०२६ साठी सर्वसाधारण मर्यादा ५०,७०० युरो आहे आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांसाठी ४५,९३४.२० युरो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए१ परीक्षा लागत नाही आणि तिथे गेल्यावर कुठलीही नोकरी करता येते. भाषा शिकू नका असं मी म्हणत नाही. व्हिसासाठी परीक्षेची धावपळ नको, एवढंच.

पदवीसाठी अनाबिन नावाचा जर्मन डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. पहिली, विद्यापीठाचा दर्जा ‘एच प्लस’, म्हणजे जर्मनीत मान्यताप्राप्त, आहे का. दुसरी, तुमची पदवी यादीत आहे का आणि तिच्यापुढे समकक्ष असल्याचा शेरा आहे का. कॉलेजच्या नावाने शोधलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे त्याच्या नावाने शोधा. दोन्ही पानांच्या छापील प्रती अर्जासोबत लावायच्या. पदवी यादीत सापडली नाही तरच बॉनच्या कार्यालयाकडून तुल्यता प्रमाणपत्र मागवा. त्याची फी २०८ युरो आणि वेळ वेगळा, म्हणून हे आज रात्रीच तपासून टाका.

नागपूर जर्मनीच्या मुंबई वकिलातीच्या हद्दीत येतं. अर्ज आता वकिलातीच्या ऑनलाईन पोर्टलवर भरायचा असतो: कागद अपलोड होतात, त्यांची प्राथमिक छाननी होते, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी तारीख मिळते. मुंबईला जावंच लागेल असं धरून चला, आणि दुरांतोच्या भरवशावर त्याच सकाळची वेळ घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. फी माणशी ७५ युरो, लहान मुलांना निम्मी. तिघांचे अर्ज एकत्रच टाका. कंपनीकडून सही झालेला करार आणि ‘नोकरीविषयीचं निवेदन’ नावाचा त्यांचा सरकारी फॉर्म भरून मागवा. फॉर्ममधलं कामाचं वर्णन आणि करारातलं पद यांचा मेळ नसला तर फाईल तिथेच अडकते.

वेळ कमी वाटत असेल तर कंपनीच्या एचआरला ‘जलद प्रक्रिये’बद्दल विचारा. ती कंपनीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करायची असते, फी ४११ युरो. तिकडून पूर्वमंजुरी आली की वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची तारीख आणि पूर्ण अर्ज आल्यावर पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. कुटुंबाचे अर्ज त्यातच घेता येतात.

पासपोर्टची मुदत बघा. दीड-दोन वर्षंच उरली असतील तर आत्ताच नवा काढा, कारण निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. मुलीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तिचा बहुधा संपायला आला असेल.

सीताबर्डी_हिशेबनीस:

पैशांचं मी सांगतो. इथे दोन कायदे आहेत आणि दोघांची ‘अनिवासी’ची व्याख्या वेगळी आहे. बहुतेक गोंधळ यातूनच होतो.

फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडलात की त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. त्यामुळे साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करावं लागतं. आयकराच्या हिशेबात मात्र दिवस मोजतात: नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस १ एप्रिलपासूनच्या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तर तो निवासी. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस होतात, त्यात सप्टेंबरचे २८ मिळवले की १८१. म्हणजे तुम्ही २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात तर या वर्षासाठी अनिवासी ठरता आणि ऑक्टोबर ते मार्चच्या जर्मन पगाराशी भारतीय आयकराचा संबंध राहत नाही. पण मग त्याच वर्षात मार्चच्या आत सुट्टीवर परत आलात तर तेही दिवस मोजले जातात. २८ तारखेला निघून दिवाळीला आठवडाभर घरी आलात तर हिशेब बिघडला. शक्य असेल तर १५ सप्टेंबरच्या आसपास निघा. घर शोधायलाही वेळ मिळेल.

खाती दोन लागतात. एनआरओ खात्यात भारतातली कमाई येते: भाडं, एफडीचं व्याज, जुन्या कंपनीची बाकी. एनआरई खात्यात तुम्ही बाहेरून पाठवलेले युरो रुपये होऊन जमा होतात आणि ते केव्हाही परत नेता येतात. एनआरओमधून बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि सीएच्या कागदांची भानगड आहे. बँकेला व्हिसाची आणि कराराची प्रत लागते, म्हणून व्हिसा हातात आल्या-आल्या शाखेत जा. इथे बसून एका दुपारचं काम आहे. तिथून करायचं तर साक्षांकित प्रती कुरिअरने पाठवत बसावं लागतं.

एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक उपकर असा टीडीएस कापला जातो. भारत-जर्मनी करारानुसार व्याजावरचा कर १० टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी तिथल्या कर कार्यालयाचं रहिवासी प्रमाणपत्र बँकेला द्यावं लागतं. आणि हे नीट वाचा: एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, जर्मनीत नाही. तिथे राहायला लागलात की जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. ‘एनआरई म्हणजे टॅक्स-फ्री’ हे वाक्य दुबईला जाणाऱ्यांसाठी खरं आहे. बँकेचा माणूस तेच तुम्हालाही ऐकवेल.

पीपीएफ बंद करायची गरज नाही. मुदत संपेपर्यंत पैसे भरता येतात, मुदतवाढ मात्र मिळत नाही आणि नवीन खातं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांचं केवायसी अनिवासी म्हणून बदलून घ्या आणि एसआयपीला एनआरओ किंवा एनआरई खातं जोडा, नाहीतर जुनं खातं बदललं की हप्ता परत जातो. पीएफला हात लावू नका. यूएएनचं (पीएफच्या कायम क्रमांकाचं) केवायसी आणि नॉमिनी पूर्ण करा आणि जुन्या कंपनीने शेवटची तारीख टाकली आहे ना ते पोर्टलवर बघा. ती तारीख नसेल तर पुढे काहीच हलत नाही.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलाच पाहिजे, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे. शिवाय घरमालक अनिवासी असला की भाडेकरूने दर महिन्याच्या भाड्यातून ३० टक्के अधिक उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. २० हजार भाडं असेल तर तुमच्या हातात १३,७६० येतील आणि बाकीचे विवरणपत्र भरून परत मागायचे. बरेच भाडेकरू हे ऐकून पळतात. कंपनीच्या नावाने घर घेणारा भाडेकरू बघा, त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे नेहमीचं असतं.

मुखत्यारपत्र वडिलांच्या किंवा भावाच्या नावाने करून जा, पण ‘सर्वाधिकार’ छाप नको. भाडेकरार करणं, सोसायटी, महावितरण, पाणी, मालमत्ता कर, बँकेत कर्जाचे कागद देणं-घेणं, एवढी कामं नावानिशी लिहा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नंतर विकायची वेळ आली तर त्यासाठी वेगळं करता येतं. तिथे वकिलातीत केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

कार विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून डीलरला देऊन जाऊ नका. आरसीवरचं नाव बदललेलं स्वतः ऑनलाईन बघितल्याशिवाय व्यवहार झाला असं समजू नका. चलान आणि अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते.

आणि तुमचा मोबाईल नंबर. आधार, पॅन, बँक, डीमॅट, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. परदेशात इनकमिंग एसएमएस येईल असा वर्षभराचा रिचार्ज मारा आणि रोमिंग इथेच सुरू करून घ्या. आधारला कॉलेजच्या काळातलं बंद पडलेलं सिम जोडलेलं असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो नंबर आत्ता बदला.

मिहानकर:

खूप आभार दोघांचे. दिवसांचा हिशेब डोक्यातच नव्हता, एचआरशी बोलून १५ सप्टेंबर धरतो.

दोन गोष्टी अजून. एका एजंटने पदवी, लग्न आणि जन्म या तिन्ही दाखल्यांचं अपॉस्टिल करून देतो म्हणून बरीच मोठी रक्कम सांगितली आहे. करावं का? आणि तिघांनी एकदम जावं की मी आधी?

धरमपेठ४४:

अपॉस्टिल करू नका. भारत २००५ मध्ये अपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे भारतीय अपॉस्टिलला जर्मनीत किंमत नाही. तिथल्या कार्यालयाला एखाद्या दाखल्याबद्दल शंका आली तर ते वकिलातीमार्फत इथे पडताळणी करून घेतात आणि तो खर्च तेव्हाचा तेव्हा. एजंट खोटं बोलतो असं नाही, तो सगळ्या देशांना एकच रेटकार्ड दाखवतो. इतर बऱ्याच देशांना ते लागतंच.

त्याऐवजी पैसे एकाच ठिकाणी घाला: जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्राच्या दोन-दोन मूळ प्रती काढून ठेवा. एक सोबत, एक आई-वडिलांकडे.

स्टुटगार्ट_व्हाया_सदर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घराशी बांधलेलं आहे. कायमचं घर मिळालं नसेल तर एकट्याने आधी या, सहा ते दहा आठवड्यांनी कुटुंब. व्हिसा तिघांचा बरोबर काढला तरी प्रवास वेगळा करता येतो, फक्त त्यांच्या व्हिसावरची तारीख उलटू देऊ नका.

स्टुटगार्ट परिसरात घरं कमी आणि उमेदवार जास्त. जाहिरातीत ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ असे दोन आकडे दिसतील. काल्ट म्हणजे नुसतं भाडं. वार्ममध्ये पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई हे धरलेलं असतं, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा नाही. अनामत जास्तीत जास्त तीन काल्ट भाड्यांइतकी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं: कित्येकदा ओटा, सिंक, शेगडी, छताचे दिवे, काहीच नसतं. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर विकत देत असेल तर घासाघीस करून घ्या, नवीन बसवायला आठवडे जातात.

घर न बघता एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी लंडनला असतो, चावी कुरिअरने पाठवतो’ हा सापळा जुनाच आहे, तरी माणसं पडतात.

पहिल्या महिन्यासाठी सामानासकट घर घ्या, पण बुकिंगच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा: इथे पत्ता नोंदवता येईल का? तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते, तिला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं आणि सुट्टीसाठी दिली जाणारी घरं ते बहुतेक देत नाहीत. पत्त्याची नोंद नाही म्हणजे कर-क्रमांक नाही. कर-क्रमांक नसला की कंपनी पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापू शकते. जादा कापलेला पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो. नोंद झाल्यावर क्रमांक पोस्टाने येतो, दोन ते चार आठवडे धरा. पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. सगळी सरकारी आणि बँकेची पत्रं पोस्टानेच येतात, तेव्हा चावी मिळाली की पहिलं काम ती चिठ्ठी.

नोंदीच्या वेळी विवाह प्रमाणपत्र दाखवा. जोडीदार तिथे राहायला आला की दोघं चौथ्या कर-वर्गात पडतात. एकच कमावता असेल तर तीन-पाच अशी जोडी (कमावत्याला तिसरा वर्ग, दुसऱ्याला पाचवा) अर्ज करून मागता येते, त्याने दरमहा हातात येणारा पगार वाढतो. वर्षाचा एकूण कर तेवढाच, विवरणपत्रात शेवटी बरोबरी होते.

आरोग्य विमा: ५८,००० पगारावर तुम्ही सरकारी विम्याच्या बंधनात येता. २०२६ साठी खाजगी विम्याची दारं ७७,४०० च्या वर उघडतात. हे बरंच आहे, कारण सरकारी विम्यात न कमावणारी पत्नी आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात. कंपनीला तुमच्या पसंतीच्या विमा संस्थेचं नाव सप्टेंबरमध्येच कळवा. १५ सप्टेंबरला उतरून १ ऑक्टोबरला रुजू होणार असाल तर मधल्या दोन आठवड्यांसाठी वेगळा विमा लागतो, व्हिसाच्या अर्जातही तो दाखवावा लागतो. साधा पर्यटक विमा घेऊ नका, दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी चालणारा ‘इनकमिंग’ प्रकारचा मागा.

मुलीचं: सहाव्या वर्षी शाळा सक्तीची आहे, त्याआधी किटा म्हणजे बालवाडी. गोवराच्या दोन लसींचा पुरावा दोन्हीकडे कायद्याने लागतो. आपल्याकडे एमआर किंवा एमएमआर दिलेली असते, पण कार्डावर डॉक्टरांनी नुसती तारीख आणि सही ठोकलेली असते. लसीचं नाव, तारीख आणि शिक्का असं इंग्रजीत स्वच्छ लिहून आणा. किटाच्या जागेसाठी पत्ता हाती आला की त्याच दिवशी अर्ज. ‘किंडरगेल्ड’चा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही तेव्हाच करा, २०२६ मध्ये मुलामागे महिन्याला २५९ युरो मिळतात.

गाडी: भारतीय लायसन्सवर पत्ता नोंदवल्यापासून सहा महिने चालवता येते, सोबत इथल्या आरटीओकडून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा. त्याची मुदत एक वर्षाची आणि निघण्याआधी ऑनलाईन अर्ज करून मिळतं. सहा महिन्यांनंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, अदलाबदल होत नाही. तासांची सक्ती नसते, पण उजव्या बाजूने चालवणं आणि ‘उजवीकडून येणाऱ्याला आधी’ हा नियम अंगवळणी पडायला काही तास घ्यावेच लागतात. व्हरायटी चौकातला अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

पहिला पगार ऑक्टोबरच्या शेवटी. अनामतीचा पहिला हप्ता, एक महिन्याचं तात्पुरतं घर, पहिलं भाडं, थोडं सामान आणि खाणं धरून साडेसहा ते आठ हजार युरो हाताशी असावेत. यातले पाचशे रोख, दोनेक हजार फॉरेक्स कार्डवर.

सीताबर्डी_हिशेबनीस:

उरलेल्या रकमेबद्दल जोडतो. तुम्ही निघालात की निवासी म्हणून पैसे पाठवायची तुमची सोय संपते. म्हणून एक तर आधीच सोय करा, किंवा पत्नी मागून येणार असेल तर तोपर्यंत ती निवासी आहे, तिच्या खात्यातून तुमच्या जर्मन खात्यावर उदारीकृत योजनेखाली (निवासी व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना) पाठवता येतं. वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० डॉलरइतकंच नेता येतं, भारतीय रुपये २५,००० पर्यंत. युरोपात उतरताना १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर जाहीर करायची.

महालातली_स्वयंपाकीण:

सामानाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

जर्मनीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मिक्सर तसाच चालतो, ट्रान्सफॉर्मर नको. अडचण पिनांची. दोन गोल पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा मिक्सरचा प्लग बसत नाही. प्रवासी युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर मोबाईलसाठी ठीक, मिक्सरच्या भाराने तापतो. तिथे गेल्यावर इलेक्ट्रिशियनकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून जर्मन प्लग लावून घेतलेला बरा. अर्थिंगची तार सोडू नका.

शेगडी काचेची किंवा इंडक्शनची असते, गॅस क्वचित. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शन तळाचा, तीन लिटरचा एक आणा आणि त्याच मॉडेलची दोन गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचा. तवा लोखंडी चालतो, पण तळ अगदी सपाट हवा आणि काचेवर सरकवायचा नाही, ओरखडे पडतात आणि घर सोडताना अनामतीतून कापतात.

खाण्याच्या वस्तूंत नियम कडक आहेत. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, खवा नाही, पनीर नाही. खव्याच्या मिठाईचा निकाल कस्टमवाल्याच्या हातात, संत्रा बर्फीचा डबा नेणार असाल तर तो टाकून द्यायची तयारी ठेवून न्या. ताजी फळं, पालेभाज्या आणि कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बंद. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. आपली संत्री त्यात नाहीत. तिखट, हळद, धणे-जिरे पूड, गोडा मसाला, साबुदाणा, पोहे, पापड यांना अडचण नाही. लोणचं नेलंत तर तेल वर आणणाऱ्या हवेच्या दाबाची आठवण ठेवा, बरणी पाऊण भरा आणि दोन पिशव्यांत बांधा.

सावजी मसाल्यात खसखस असते. जर्मनीत खसखस बेकरीतल्या केकवर सर्रास असते, तिथे काही नाही. पण अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. नागपूरहून शारजामार्गे जाणार असाल आणि तिथे सामान ताब्यात घ्यावं लागलं, तर विषय गंभीर होतो. मसाला खसखशीशिवाय दळून घ्या, ती तिथे गेल्यावर घाला. औषधांचंही तसंच: कोडीनचं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या आखाती विमानतळावर नकोतच. बाकी नेहमीची औषधं स्वतःपुरती तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि औषधाचं जेनेरिक नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह.

दातांची कामं इथेच उरकून घ्या. चष्मे दोन-दोन करून घ्या, मोठ्यांच्या चष्म्याचे पैसे सरकारी विमा सहसा देत नाही.

लोकरीचे कपडे नागपुरातून नेऊ नका. आपल्या बाजारातलं स्वेटर आपल्या डिसेंबरपुरतं असतं. पातळ थर्मलचे दोन-दोन जोड पुरे, जाड जॅकेट आणि पकड असलेले बूट तिथेच घ्या.

मिहानकर:

हे सोनं आहे. शेवटचं एकच: नागपूर-दोहा-जर्मनी घ्यावं की मुंबईपर्यंत देशी विमान आणि तिथून थेट फ्रँकफर्ट?

स्टुटगार्ट_व्हाया_सदर:

दोहामार्गे गेलात तर बॅगा नागपुरातच थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकपर्यंत टाकता येतात, मधे काही उचलायचं नाही. मुंबईमार्गे जायचं तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या, मग पूर्ण प्रवासाला आंतरराष्ट्रीय वजन मिळतं. वेगळी तिकिटं काढली की देशी टप्प्याला १५ किलोच, वरच्या प्रत्येक किलोला पैसे, मुंबईत बॅगा उचलून पुन्हा चेक-इन, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही. सप्टेंबरात मुंबईचा पाऊस गेलेला नसतो हेही धरा.

तिकीट व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यावरच काढा, किंवा तारीख बदलता येणारं घ्या. मूळ दाखले, करार, लसीकरण कार्ड आणि पहिल्या घराच्या पत्त्याची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. फ्रँकफर्टच्या इमिग्रेशन खिडकीवर करार आणि पत्ता दोन्ही विचारू शकतात, आणि त्या वेळी मोबाईलला नेटवर्क असेलच असं नाही.

धरमपेठ४४:

आणि व्हिसा चिकटून आला की खिडकीवरच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि शेऱ्यात ब्लू कार्डचा उल्लेख आहे ना ते वाचून बघा. चूक निघाली तर मुंबई सोडण्याआधीच कळवा, नागपूरला परत येऊन पासपोर्ट पुन्हा पाठवण्यात दोन आठवडे सहज जातात.

मिहानकर:

अनाबिन तपासलं. विद्यापीठ एच प्लस दिसून राहिलं, पदवीही यादीत आहे. मुलीच्या दाखल्यावर मात्र नावाची जागा कोरी निघाली. हॉस्पिटल रामदासपेठेतलं होतं, कुठल्या झोनला जायचं?

धरमपेठ४४:

जुन्या दाखल्यावरच नोंदणी केंद्राचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक असतो, अंदाजाने धंतोली की धरमपेठ ठरवत बसू नका, तो शिक्का ज्या झोनचा तिथेच जा. सोबत मूळ दाखला, दोघांचे आधार आणि मुलीचा पासपोर्ट न्या. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच अर्जात घाला. नाव चढल्यावर हाताने लिहिलेली दुरुस्ती घेऊ नका, नवा छापील दाखला मागा.

भूमी_झोनवाली:

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि सकाळी लवकर जा. दुपारच्या जेवणानंतर तिथे साहेब भेटत नाहीत.